दारव्ह्याच्या बाजारात राहिलेलं मन

वणीचा एक ट्रकमालक बायकोला घेऊन आमच्या दवाखान्यात आला होता. तिला अधूनमधून फिट यायची. मी तिच्या डोक्याला तारा चिकटवून मशीन सुरू केलं, तर हा बुवा माझ्या मागे येऊन हळूच म्हणतो, "मॅडम, एक काम होतं. हिच्या मनात माह्या आईबद्दल काय हाय, तेवढं निघते का पाहा ना यात."

मी म्हटलं, "भाऊ, त्याले मशीन कायले पाहिजे? एक दिवस स्वयंपाकघराच्या दाराआड बसा. आपोआप आयकू येईन."

बायको तारांखालून अशी खदखदून हसली, की पडद्यावरच्या सगळ्या रेघांचा पार चिवडा झाला आणि मला आलेख पुन्हा पहिल्यापासून काढावा लागला.

मी यवतमाळात ई.ई.जी. काढते. ईसीजी नव्हे! तो छातीचा. माझं काम डोक्याचं. मेंदूचे डॉक्टर रोगी तपासतात आणि मेंदूतल्या विजेचा आलेख काढायला माझ्याकडे पाठवतात. लोकांना 'वीज' हा शब्द ऐकूनच घाम फुटतो, म्हणून मी आधीच सांगून टाकते, की आम्ही करंट देत नाही, घेतो. तुमच्या डोक्यात जी वीज आपोआप चाललेली असते ती टॉर्चच्या सेलच्या मानाने इतकी क्षीण असते, की तिच्यावर मुंगीच्या डोळ्याएवढा दिवाही लागायचा नाही. मशीन ती मोठी करून दाखवतं, बस. टेपने डोकं मोजायचं, पेन्सिलने खुणा करायच्या, तिथली कातडी खरखरीत मलमाने चोळायची आणि वाटीसारखी बारकी चकती पेस्टने बसवायची. अशा वीसेक चकत्या आणि त्यांच्या तेवढ्याच तारा.

यात माझा सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर तेल! आमच्या जिल्ह्यातलं माणूस डोक्याला तेल न लावता गावाबाहेर पडत नाही. तेलकट कातडीवर चकती धड बसत नाही. फोनवर घसा फोडून सांगायचं, "केस धुवून या, तेल लावू नका." तर केस धुवून येतात आणि निघताना वरून चोपडून येतात. विचारलं की उत्तर तयार, "मॅडम, परगावी असं रुक्ष डोकं घेऊन कसं यावं?" मग मी चिडते, बडबडते आणि मुकाट्याने शाम्पूची बाटली काढते.

मुकुटबनहून आलेल्या एका काकांनी तर चकत्या लावायलाच नकार दिला होता. तेव्हा आलेख कागदावर निघायचा. ते म्हणाले, "बाई, तुमी माहं मन कागदावर उतरवून घेतलं, तर मंग माह्याजवळ काय राहीन?" मला हसू आलं, पण माणूस खरोखर भ्यायला होता. मी म्हटलं, काका, विहिरीत डोकावलं म्हणून पाणी कमी होते का? ते विचारात पडले आणि तयार झाले. पण काम झाल्यावर कागदाचा अख्खा गठ्ठा मागून बसले. "माहं हाय ते, इथं कायले ठेवू?" डॉक्टरांनी रिपोर्ट लिहून घेतला आणि गठ्ठा देऊन टाकला. काका तो काखेत घट्ट दाबून एसटीत बसले.

आता मन कागदावर उतरतं का, मुळात ते आहे तरी काय, यावर आमच्या दवाखान्यात रोज संध्याकाळी चहाबरोबर भांडण असतं. दवाखान्याची जागा देशकर सरांची. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, आता निवृत्त झालेत आणि वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं म्हणणं, मन ही ऊर्जा आहे. माझ्या पडद्याकडे बोट दाखवून ते म्हणतात, "दिसते ना वीज? मग अजून काय पुरावा पाहिजे? अन् ऊर्जा नष्ट होत नाही, म्हणून मनही नष्ट होत नाही." आमचे डॉक्टर लगेच बशी खाली ठेवतात. "सर, घोटभर दारू पोटात गेली की माणसाचं मन पालटते. दारू पदार्थ आहे. ती ज्या मेंदूवर काम करते तो पदार्थ आहे. मन म्हणजे त्या मेंदूचं काम, दुसरं काही नाही." सर विचारतात, "मेल्यावर मेंदू तोच, वजन तेच, मग मन गेलं कुठं?" डॉक्टर विचारतात, "पंखा बंद केल्यावर वारा कुठं जाते?" आणि मग आवाज असा चढतो, की बाहेर बाकावर बसलेल्या रोग्यांना वाटतं आत पैशावरून जुंपली.

मी ज्याची बाजू पडती असेल त्याची घेते. त्याशिवाय मजा नाही. पण गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत हे भांडण चहाच्या कपातून उडून थेट माझ्या खोलीत आलं. तेच सांगायचं म्हणून तर लिहायला बसले आहे.

दारव्ह्याच्या पुढच्या एका तांड्यावरून जीप आली. त्यातून जमनीबाई राठोड यांना खाली उतरवलं. साठी ओलांडलेली बाई, बंजाऱ्यांचा भरगच्च आरशांचा पोशाख, हातभर चुडे. सोबत मुलगा उत्तम आणि नवरा हरसिंगबाबा. उत्तम तिला 'याडी' म्हणत होता. गोरबोलीत याडी म्हणजे आई. मीही याडीच म्हणू लागले.

याडीला धरून चालवलं की चालायची. बसवलं की बसायची. डोळे उघडे, पण नजर समोरच्या भिंतीतून आरपार. मी चेहऱ्यासमोर हात हलवला, नाव घेतलं, चिमटा काढला. काही नाही! घर उघडं आहे, दिवे लागलेत आणि आत माणूसच नाही, असं वाटलं.

"असं कधीपासून?" मी विचारलं.

उत्तम म्हणाला, "आठ दिस झाले, मॅडम. दारव्ह्याच्या बाजारात मिरच्यांचा भाव करून राह्यली होती. बोलता बोलता गप्प झाली ते झालीच. तोंडात घास देल्ला तर गिळे. कालपासून थेही बंद झालं. पाणीबी गालातून बाहेर येऊन राह्यलं."

"कुठं दाखवलं?"

"दोन ठिकानी दाखवलं. वय झालं, डोकं गेलं, घरी न्या अन् सेवा करा म्हनते. दारव्ह्याचे डॉक्टर म्हनले, येवढी एक तपासनी करून घ्या. झाली का घरी जातो." बाहेर जीपवाला हॉर्न वाजवतच होता. त्याला दुसऱ्या सवारीची घाई होती.

मग हरसिंगबाबा मला समजावून सांगू लागले. त्यांच्या बोलण्यात शंकेला जागाच नव्हती. "तिचं मन बाजारात राहून गेलं, बाई. गर्दी होती, धक्का लागला असन, सुटून गेलं. म्या तिले पुढच्या बाजारी नेऊन त्याच मिरचीवालीपुढं बसवलं. दिवसभर बसवलं. म्हटलं, जिथं पडलं तिथंच सापडन. नाई सापडलं." त्यांनी हे घराची किल्ली हरवल्याइतक्या सरळपणे सांगितलं. उत्तम शरमून जमिनीकडे पाहू लागला. मला मात्र त्या म्हाताऱ्यावर एकदम जीव जडला. बाजारभर माणसं हसत असतील आणि हा बायकोशेजारी तिचं मन परत यायची वाट पाहत बसलेला!

मी तिला खुर्चीवर बसवून डोकं मोजायला घेतलं आणि माझा टेप अडला. कानाच्या वर, दोन्ही बाजूंच्या वेणीत, चांदीच्या टोपल्या घट्ट गुंफलेल्या होत्या. टोपली हा बंजारा सुवासिनीचा दागिना. उलट्या वाटीसारखी चांदी आणि खाली लोंबणारे घुंगरू. नेमक्या जिथं माझ्या चकत्या बसायला हव्या तिथंच ती बसलेली. शिवाय मान जरा हलली की घुंगरू हलणार, तारा ओढल्या जाणार आणि आलेखात नुसता गोंधळ.

"या काढाव्या लागतील," मी म्हटलं.

उत्तम ताडकन उठला. "नाई जमत. टोपली नवरा गेल्यावर उतरते, मॅडम. बाबा इथं जित्ते बसले अन् मी त्याईच्या डोयापुढं याडीची टोपली काढू? तांड्यात तोंड कुठी दाखवू? राहू द्या तुमची तपासनी. चाल याडी." आणि त्याने तिचा दंड धरला.

माझं डोकं फिरलं. "अरे बापा, बाई पाणी गिळेना झाली! घरी नेशीन तर तिची टोपली कोणाला सोडावीच लागणार नाही, तशीच जाईन ती. तेव्हा तांडा काय म्हणीन ते विचारून ठेव!" जास्तच बोलले, मला माहीत आहे. पण अशी किती माणसं 'डोकं गेलं' म्हणून तारा न लावताच माझ्या दारावरून परत गेली असतील, याची हळहळ माझ्या मनात कायमची बसलेली आहे. त्या दिवशी ती तोंडावाटे बाहेर आली.

उत्तमचे डोळे भरले. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. तेव्हा हरसिंगबाबा उठले, बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर बाजूले. ज्याच्या नावाची हाय थोच सोडते."

त्यांची जाड बोटं वेणीचा एकेक पेड सोडवू लागली. त्यांना ते मुळीच जमत नव्हतं. केस ओढले जात होते, पण याडी हूं की चूं करत नव्हती. एक टोपली निघाली, दुसरी निघाली. दोन्ही मुठीत धरून बाबा माझ्याकडे वळले. "पाहा बाई. म्या हिच्या टोपलीले हात लावला अन् हिनं माहा हात नाई मोडला. हे माही बायको नाईच. तिले शोधा."

खोलीत एकाच नातेवाइकाला थांबू देतात. उत्तम थांबला, बाबा टोपल्या मुठीत घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी शाम्पू केला, चोळलं, चकत्या बसवल्या आणि मशीन सुरू केलं.

पडद्यावर जे आलं ते पाहून मला आधी वाटलं, एखादी चकती सैल आहे. साध्या जाग्या माणसाच्या रेघा बारीक आणि वेड्यावाकड्या असतात. इथं सगळ्याच तारांवर, डावीउजवीकडे, पुढे, मागे, एकसारख्या मोठमोठ्या टोकदार लाटा धडाधड उसळत होत्या. थांबायचं नावच नाही. मी चकत्या दाबून पाहिल्या, तारा पाहिल्या. सगळं पक्कं होतं. मग मी दार उघडून अशी ओरडले की देशकर सरही वरून जिना उतरून आले. "डॉक्टर! लवकर या!"

डॉक्टरांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "ही फिटमध्ये आहे."

"हातपाय तर हलून नाई राह्यले," उत्तम म्हणाला.

"हातापायांत नाही. फिट फक्त मेंदूत चालू आहे, बाजारापासून सलग. बाहेर काही दिसत नाही, म्हणून कोणाला कळलं नाही." डॉक्टर बोलता बोलता नर्सला खुणा करत होते. "उत्तम, आई झोपेची गोळी घेत होती का?"

"हो. लय वर्सं घेतली. सवय लागली म्हून मीच बंद केली. बाजाराच्या दोन रोज आधी," उत्तम म्हणाला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "माह्यामुळं झालं का, साहेब?"

"गोळी सोडवायची, हा विचार चांगला होता. ती हळूहळू सोडायची असते, एकदम सोडली तर अशी फिट येते, हे तुले कोणी सांगितलं नाही. आता गप्प उभा राह्य."

ऑक्सिजन आला, बोटाला नाडीचं यंत्र लागलं, शिरेत सुई गेली. डॉक्टरांच्या हातात एक लहानशी सिरिंज होती. त्या गोळीच्याच जातीचं औषध थेंबाथेंबाने आत जाऊ लागलं. मी पडद्यावरून नजर काढायला तयार नव्हते. लाटा तशाच उसळत होत्या. मग एका जागी लाटांची एक तुकडी चुकली. पुन्हा आली, पण बुटकी होऊन. पुन्हा चुकली. आणि पाहता पाहता, अक्षरशः माझ्या डोळ्यांदेखत, सगळं वादळ खाली बसलं आणि त्या साध्या, बारीक, वेड्यावाकड्या रेघा धावू लागल्या. आयुष्यात हजारो वेळा पाहिलेल्या रेघा! पण मी टाळीच वाजवली. डॉक्टरांनी डोळे वटारले.

याडीने पापणी मिटली, उघडली. छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणजे खरंच माझ्याकडे! मघाशी तिची नजर माझ्यातून आरपार जात होती, आता ती माझ्यावर येऊन थांबली. ओठांवरून जीभ फिरली. हात हळूहळू वर गेला, कानाशी आला, केस चाचपू लागला. दुसऱ्या बाजूला गेला. तिथंही काही नव्हतं.

"मारी टोपली कत छ?" ती म्हणाली. माझी टोपली कुठं आहे?

आम्ही आनंदाने एकमेकांची तोंडं पाहतोय, उत्तम "याडी, याडी" करतोय, आणि तिने खोलीभर नजर फिरवली. मुलगा दिसला. नवरा दिसला नाही. केसांत टोपली नाही! तिने काय हिशेब केला असेल तो आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नव्हता. तिने दोन्ही हात कपाळावर मारले आणि असा गळा काढला, की बाहेरच्या बाकावरची माणसं उभी राहिली. नवऱ्याचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगून, गोरबोलीत, सुरात ती रडत होती. माझा पडदा पार काळा झाला. रडण्याने कपाळाचे, जबड्याचे स्नायू आवळले की तारांवर नुसती गिचमीड उमटते. आम्ही तिला कचरा म्हणतो, रिपोर्टात धरत नाही. जी बाई गेली गेली म्हणून सगळे सांगत होते ती पुरी परत आली होती, आणि माझं मशीन तिला कचऱ्यात जमा करत होतं.

बाहेर हरसिंगबाबांनी स्वतःच्या नावाचं रडणं ऐकलं. माणसाला असं ऐकायला कधी मिळतं? नियम गेला खड्ड्यात, ते दार ढकलून आत शिरले. "अवं, मी जित्ता हावो! हे पाह्य! जित्ता हावो!"

याडीचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग जी सुरू झाली ती उत्तमने आम्हाला हसत आणि डोळे पुसत सांगितली, "म्हनते, तुमी जित्ते हा, तं मंग माही टोपली काहून सोडली? चार मानसांत मले रांड करून बसवलं! लाज नाई वाटत?" बाबा बिचारे मूठ उघडून टोपल्या दाखवत होते, हसत होते आणि म्हणत होते, "हे हाय माही बायको. सापडली. सापडली!"

तेवढ्यात याडीला काहीतरी आठवलं. ती मराठीतच म्हणाली, "मिरच्या घेतल्या का? थे बाई लय भाव सांगून राह्यली होती."

तिच्या लेखी अजून तीच दुपार चालू होती. हरसिंगबाबा डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, "पाह्यलं का साहेब? म्या सांगतलं होतं ना? बाजारातच होतं."

यावर शास्त्र शिकलेली दोन माणसं गप्प बसतील तर ती कसली! डॉक्टर म्हणाले, "बाबा, बाजारात नव्हतं, इथंच होतं. एवढंसं औषध कमी पडलं तर गेलं, एवढंसं दिलं तर आलं. पदार्थ, सर! याहून चांगला पुरावा मी कुठून आणू?" देशकर सर दारातूनच उसळले, "पदार्थ काय पदार्थ! औषधानं केलं काय? विजेचं वादळ थांबवलं. पडद्यावर काय बदललं? ऊर्जा! ती सुरळीत झाली तेव्हा बाई परत आली." "सर, वादळ कशात उठलं होतं? मेंदूतच ना?" "अन् तो मेंदू तर आठ दिवस जागेवरच होता ना? मग बाई कुठं होती?" हरसिंगबाबा मध्येच म्हणाले, "बाजारात."

तिघांचेही आवाज चढले. मला तिघांचंही पटत होतं, कधी नव्हे ती मला पडती बाजूच सापडेना, आणि आनंद इतका झाला होता की कोणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. तारा अजून लावलेल्या होत्या, म्हणून टोपली गुंफता येईना. तेव्हा बाबा खुर्चीशेजारी उकिडवे बसले, दोन्ही टोपल्या याडीच्या तळहातावर ठेवल्या आणि त्यावर आपला हात ठेवला. याडीने मूठ मिटली. चाचपून घुंगरू मोजल्यासारखे केले. एक लांब श्वास सोडला, मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

पडद्यावरचा काळा कचरा ओसरला. आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या तारांवर त्या लाटा उमटू लागल्या, ज्या फक्त जागं, शांत, निर्धास्त माणूस डोळे मिटून बसलं की येतात. कोणी भ्यायलेलं असेल, दुःखात असेल तर त्या धड उमटत नाहीत. हातात हात होता आणि त्या एकामागून एक येत होत्या, अगदी संथ, सारख्या.

डॉक्टर आणि सर अजून भांडतच होते. मी दोघांच्याही दंडाला धरून त्यांना दाराबाहेर काढलं.

"श्श! तुमचं काय ते चहाच्या वेळी ठरवा. आत्ता रेकॉर्डिंग चालू आहे."